कांटेमाठ

तण कशाला म्हणावें आणि भाजी कशाला म्हणावी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. शेतकऱ्यास विचारलें तर, आपण पेरलें नाहीं आणि तरीहि उगवलें तें तण, असें तो सांगेल. भाजीवालीस विचारलें तर, जिला गिऱ्हाईक आहे ती भाजी, असें ती म्हणेल. दोघांचेंहि म्हणणें बरोबर आहे. आणि दोहोंतहि वनस्पतीच्या गुणधर्माचा कांहींच उल्लेख नाहीं, ही लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट आहे. गेलीं दोनतीन वर्षें आम्हांला या प्रश्नाचा नाद लागला आहे. त्याचें उत्तर आम्ही पुस्तकांत शोधीत होतों, टेकडीवर शोधीत होतों. तें अखेर आमच्याच घरांत, आणि तेंहि आमची कानउघाडणी करीत भेटेल, अशी कल्पना मात्र नव्हती.

या नादाचा उगम अगदीं साधा आहे. नोकरींतून निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनीं आम्हांस रोज सकाळीं तासभर चालण्याची सक्त ताकीद दिली. आमचें बिऱ्हाड पुण्यास वेताळ टेकडीच्या पायथ्याशीं असल्यामुळें ती ताकीद पाळणें कठीण नव्हतें. परंतु केवळ प्रकृतीसाठीं चालणें हा मोठा नीरस व्यवहार आहे. पाय हलत राहतात आणि मन घरींच बसतें. म्हणून वाटेंत दिसणाऱ्या झाडाझुडपांचीं नांवें विचारण्याचा, घरीं येऊन पुस्तकें चाळण्याचा परिपाठ आम्हीं सुरू केला. वर्षभरांत असें ध्यानांत आलें कीं, ज्याला आम्ही ‘आमच्या टेकडीचें रान’ म्हणून पाहुण्यांपुढें मिरवीत होतों, त्यांतील पुष्कळसें रान आमचें नव्हेच. वसंतांत फिकट गुलाबी फुलांनीं लहडणारी उंदीरमारी मध्य अमेरिकेंतील. तिच्या बियांनीं आणि सालीनें उंदीर मरतात म्हणून तिचें हें नांव, आणि तिच्या शास्त्रीय नांवाचा अर्थहि तोच. असें असून तिच्या मायदेशीं लोक तिचीं फुलें शिजवून खातात. रस्त्याच्या कडेची सुबाभूळ मेक्सिकोची. उतारावर माजलेली घाणेरी अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शोभेचें झुडूप म्हणून ती कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानांत आली, आणि तेथून जी बाहेर पडली ती सगळा देश पालथा घालून बसली. फार काय, जिच्या गुलाबी-पांढऱ्या गरासाठीं आम्हीं लहानपणीं शाळा बुडविली आणि मारहि खाल्ला, ती विलायती चिंचसुद्धां विलायतेची नसून मेक्सिकोची!

या आगंतुकांपैकीं कांहीं खाण्याजोगे असतात, हें कळल्यावर आमच्या चालण्याला एकदम चव आली. पिशवी घेतल्याशिवाय आम्ही बाहेर पडेनासे झालों. नव्या छंदाच्या भरांत माणूस जसा थोडा वाचाळ आणि थोडा अविचारी होतो, तसे आम्हीहि झालों. अविचाराचें फळ पहिल्याच पावसाळ्यांत मिळालें. एका पडीक जागेंत, गाजरगवताच्या दाट पट्ट्यापलीकडे, एक हिरवागार ताटवा दिसला. तेथवर पोंचण्यासाठीं आम्हीं उघड्या हातांनीं गाजरगवत उपटून वाट केली. असें पूर्वींहि दोनचारदां केलें होतें. परंतु या खेपेस चार दिवसांत दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पुरळ उठलें, आणि पुढें तीन आठवडे आम्ही हात खाजवीत आणि मलम चोळीत घरांत बसलों. १९५५ सालीं हें गवत पुण्यांतच प्रथम वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेस आलें. अमेरिकेहून आलेल्या धान्यांतून त्याचें बीं इकडे आलें असें सांगतात. गुरें त्यास सहसा तोंड लावीत नाहींत. तें फस्त करणारा एक भुंगेरा १९८३ सालीं मेक्सिकोहून मुद्दाम आणावा लागला. पाहुणा म्हणून आलेलें सर्वच कांहीं पानांत वाढून घेण्यासारखें नसतें, हा धडा आम्हांस अशा रीतीनें आमच्याच कातडीवर गिरवावा लागला.

ज्या ताटव्यासाठीं आम्हीं हा उपद्व्याप केला तो ताटवा कांटेमाठाचा होता. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचें बालपण खेड्यांत गेलें असेल त्यांस त्याचें वर्णन करून सांगण्याची गरज नाहीं. मृगाचा पाऊस पडून पंधरवडा लोटला कीं उकिरड्यापाशीं, गोठ्यामागें, घराच्या पडक्या भिंतीलगत, जेथें जेथें जमिनींत खत मुरलेलें आहे तेथें तेथें हा उगवतो. खोड तांबूस, पानें लांब देंठाचीं, आणि प्रत्येक पानाच्या बगलेंत दोन दोन कांटे. साध्या माठाहून याला निराळा ओळखण्याची हीच खूण. हाहि उष्ण अमेरिकेंतील. मात्र आतां पृथ्वीच्या पाठीवरील बहुतेक उष्ण मुलुखांत त्यानें ठाण मांडलें आहे. येथें एक मौजेची अडचण आहे. आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत ‘तंडुलीय’ नांवाच्या भाजीचे गुण वर्णिले आहेत, आणि तंडुलीय म्हणजेच कांटेमाठ असें पुष्कळ वैद्य मानतात. मग अमेरिकेंतील झाडाचें वर्णन त्या ग्रंथांत यावें कसें? आमचा तर्क असा कीं, तें नांव मूळचें आशियांतील एखाद्या माठाचें असावें. मागाहून हा कांटेरी भाऊबंद आला, आणि घरांत शिरला तो दारावरच्या पाटीसकट घर आपलें करून बसला. आमच्या तर्काला शास्त्राचा आधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जी वस्तु आपल्या भाषेंत नांव मिळविते ती पुढें पूर्वजांनाहि आपलेसें करते, एवढें मात्र खरें.

हातांचें पुरळ बरें झाल्यावर आम्हीं दुसऱ्या एका मोकळ्या जागेंतून कांटेमाठाची भरगच्च पिशवी घरीं आणली. आमच्या मातुःश्रींना अठ्ठ्याहत्तरावें वर्ष चालू आहे. त्या मूळच्या सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यांतल्या. पुण्यास येऊन त्यांना चाळीस वर्षें झालीं, पण बोली अजून तिकडचीच आहे. कोणत्याहि पालेभाजीला त्या आजवर कधीं नाहीं म्हणाल्या नव्हत्या. टाकळा, कुर्डू, घोळ, पाथरी यांची ओळख आम्हांस त्यांनींच करून दिली. म्हणून मोठ्या ऐटींत आम्हीं पिशवी त्यांच्यापुढें रिती केली. त्यांनीं एक शेंडा उचलून पाहिला आणि तो परत टाकला.

“ह्ये कुठनं आणलंस?”

आम्हीं जागा सांगितली.

“ही भाजी या घरांत शिजायची न्हाई,” एवढेंच म्हणून त्या उठल्या आणि आंत जाऊन बसल्या.

आम्ही चकित झालों. आणि सुशिक्षित मनुष्य चकित झाला म्हणजे करतो तेंच आम्हीं केलें, म्हणजे कारण स्वतःच ठरवून टाकलें. आमच्या मतें कारण उघड होतें. कांटेमाठ ही गरिबीची भाजी. ज्याच्या घरीं विकत घेण्याची ऐपत नाहीं त्यानें ती उकिरड्यावरून खुडावी. आईनें आयुष्याचा पूर्वार्ध हालांत काढला. आतां सुखाच्या दिवसांत त्या हालांची आठवण तिला ताटांत नको असावी. ही लाज अस्थानीं आहे असें आम्हांस वाटलें, आणि ती घालविणें हें सुपुत्राचें कर्तव्य आहे असें समजून आम्हीं त्याच संध्याकाळीं तिला एक लहानसें व्याख्यान दिलें.

त्या व्याख्यानांतील मुद्दे आम्हांस आजहि पटतात, म्हणून येथें नमूद करतों. आम्ही म्हणालों: आई, तूं एकादशीला काय खातेस? साबुदाण्याची खिचडी. आज साबुदाणा म्हणून जो मिळतो तो कसाव्याच्या कंदाचा. तो कंद दक्षिण अमेरिकेचा. खिचडींतला शेंगदाणा तिकडचाच, मिरची अमेरिकेची, जोडीला बटाटा, तो अँडीज पर्वतांतला, रताळें, तेंहि त्याच खंडांतलें. आणि राजगिरा? तो तर या कांटेमाठाचा सख्खा चुलतभाऊ. मेक्सिकोंतील प्राचीन लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ति करीत आणि प्रसाद म्हणून वांटून खात. स्पॅनिश लोकांनीं जाऊन तो विधि बंद पाडला. आजहि तेथें लाह्या पाकांत घालून वड्या थापतात. त्या वडीला ते ‘आलेग्रिया’ म्हणजे ‘आनंद’ म्हणतात, आणि ती पुढें ठेवली तर तूं तिला राजगिऱ्याची चिक्कीच म्हणशील. ज्या कुळांतील एक जण आपल्याकडे उपासाच्या पानांत जाऊन बसला, त्याच कुळांतील दुसऱ्यानें उकिरड्यावर कां राहावें? आणि गरिबीचें म्हणशील, तर १९३५ च्या सुमारास वर्ध्यास मगनवाडींत राहत असतां खुद्द गांधीजी आवारांत आपोआप उगवणारी लुणी, म्हणजे आपली घोळ, खात होते, आणि अशा पाल्यांचें महत्त्व त्यांनीं ‘हरिजन’ पत्रांतून लोकांस सांगितलें होतें.

मातुःश्रींनीं सर्व ऐकून घेतलें. “तुझं खरं असंल,” त्या म्हणाल्या आणि वाती वळूं लागल्या. ज्या व्याख्यानाला श्रोता इतक्या सहज संमति देतो तें व्याख्यान वायां गेलें असें समजावें; परंतु त्या वेळीं आम्हांला तेवढी समज नव्हती.

दुसऱ्या दिवशीं आई कीर्तनास गेली असतां सौभाग्यवतींच्या मदतीनें आम्हीं ती भाजी गुपचूप शिजविली. कांटे काढतांना दोघांचीहि बोटें रक्ताळलीं. जून देंठ आणि कोंवळा शेंडा यांतील भेद आम्हांस ठाऊक नव्हता. पाला उकडून त्याचें पाणी टाकावें हेंहि ठाऊक नव्हतें. माठाच्या कुळांतील पाल्यांत ऑक्झॅलिक आम्ल असतें. पहिलें पाणी काढून टाकल्यानें तें बरेंच कमी होतें, आणि मूतखड्याची व्यथा असलेल्यानें तरीहि बेतानेंच खावें. शिवाय सांडपाण्यावर किंवा भारी खतावर माजलेल्या कांटेमाठांत नायट्रेट सांचतें व त्यानें गुरांना विषबाधाहि होते. हें सारें आम्हीं मागाहून वाचलें. त्या दिवशीं मात्र घशांत खरखर आणि तोंडांत करकर एवढेंच पदरीं पडलें. कोंकणांत शेवळाची भाजी करतात ती काकडाच्या फळांशिवाय कोणी करीत नाहीं, कारण शेवळ घशाला खाजतें आणि काकड ती खाज मारतें. अळवाला चिंच लागते ती याचसाठीं. वनस्पति रानांत सांपडते. पण तिची भाजी करावयाची तर सोबत कोणाचें तरी शहाणपण लागतें, आणि तें पिशवींत भरून आणतां येत नाहीं. आमच्या घरांत तें शहाणपण वाती वळीत बसलें होतें, आणि आम्हीं त्याला व्याख्यान दिलें होतें.

याच सुमारास आमच्या परिचयाच्या एका तरुण गृहस्थांनीं एक योजना आमच्यापुढें मांडली. परदेशी तणांनीं आपल्या रानांचा नाश चालविला आहे; तेव्हां लोकांना तीं खाण्याची गोडी लावावी, म्हणजे पोटहि भरेल आणि तणहि संपेल. कल्पना मोहक होती. आम्हीं तिच्यावर आठ दिवस विचार केला आणि आमची निराशा झाली. चांगल्या पोसलेल्या कांटेमाठाच्या एका झाडाला लाखाहून अधिक बिया येऊं शकतात, आणि त्या जमिनींत दडून राहून पुढें वर्षानुवर्षें उगवत असतात. शिवाय शेंडा खुडला कीं खालून दोन फुटवे येतात. म्हणजे खाणारा मनुष्य त्या झाडाचा शत्रु नसून माळीच ठरतो. याहून बोलकी साक्ष निवडुंगाची आहे. निवडुंगावरच्या कोशिनील किड्यापासून किरमिजी रंग निघतो. त्या रंगाच्या व्यापारांतील स्पेनची मक्तेदारी मोडावी म्हणून ईस्ट इंडिया कंपनीनें इकडे खटपट चालविली, आणि १७९५ सालीं ब्राझीलहून ते किडे कलकत्त्यास आणविले. किडे आले, पण ते निराळ्याच जातीचे निघाले. रंग हातीं लागला नाहीं. मात्र त्या किड्यांनीं निवडुंगाची एक जात खाऊन टाकली. पुढें १८३६ ते १८३८ च्या दरम्यान दक्षिणेंतील निवडुंग मारण्यासाठीं तेच किडे मुद्दाम तिकडे नेले, आणि तणावर कीटक सोडून त्याचा बंदोबस्त करण्याचें तें जगांतील पहिलें यशस्वी उदाहरण समजलें जातें. उलटपक्षीं मेक्सिकोंत मनुष्यें हजारों वर्षें निवडुंगाचीं फडें आणि फळें खात आलीं आहेत. तेथें तो संपला तर नाहींच, उलट त्या राष्ट्राच्या निशाणावर जाऊन बसला. किडा जें खातो तें संपवितो. मनुष्य जें आवडीनें खातो तें पेरूं लागतो.

आमच्या तरुण मित्रांस हें पटलें नाहीं. तरी त्यांच्या आग्रहावरून आम्ही ऑगस्टमध्यें भरलेला एक रानभाज्यांचा महोत्सव पाहून आलों. अलीकडे कृषिखात्याच्या वतीनें ठिकठिकाणीं असे महोत्सव भरतात, आणि डोंगरांतील बायाबापड्यांच्या हातीं त्यांतून चार पैसे पडतात, ही गोष्ट चांगलीच आहे. तेथें कांटेमाठाच्या जुड्या विकावयास होत्या. विकणाऱ्या बाईस आम्हीं विचारलें, “तुमच्या घरीं आज कोणती भाजी केलीत?” ती हंसून म्हणाली, “घरी कशाला ठेवू? हितंच खपती सगळी.” आम्हीं दोन जुड्या घेतल्या, पैसे दिले, आणि तें उत्तर तेथेंच विसरलों.

आतां मुख्य गोष्टीकडे वळतों. आमच्या घरामागें एका मोठ्या इमारतीचें काम चालू आहे. त्या जागेच्या कडेला, जेथें मजुरांचे पत्र्याचे निवारे आहेत, तेथें पाण्याच्या टाकीखालीं ओल असते, आणि त्या ओलींत कांटेमाठ फार कोंवळा येतो. आम्ही रोज सकाळीं तेथें खुडावयास जाऊं लागलों. मजुरांच्या बायकाहि तेथें येत. त्या बीडकडच्या होत्या. आम्हांस पाहून त्या जरा बाजूस सरत. आम्हीं त्याचा अर्थ आदर असा केला. एकीस तर, हें झाड मूळचें कोठलें, याची माहितीहि आम्हीं सांगितली.

सौभाग्यवतींकडून ही गोष्ट आईच्या कानीं गेली असावी. एके दिवशीं आम्ही पिशवी घेऊन निघालों तों ती दारांत उभी.

“त्या बायका खुडतात तितलं आपण खुडायचं न्हाई.”

“आई, तण आहे तें. कोणाच्या मालकीचें थोडेंच आहे?”

“म्हनूनच,” ती म्हणाली.

मग ती बसली आणि आम्हांलाहि बसावयास सांगितलें. आयुष्यांत प्रथमच तिनें आम्हांस ती हकीकत सांगितली. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रांत कोणास सांगावयास नको. लागोपाठ पाऊस हुकलेला. १९७३ च्या मे महिन्यांत सुमारें ५० लाख माणसें सरकारी कामांवर खडी फोडीत होतीं, माती वाहत होतीं. वडील मुंबईस गिरणींत होते. आई आणि आजी रस्त्याच्या खडीवर जात. आम्ही तेव्हां सात-आठ वर्षांचे, आणि धाकटी बहीण अंगावर पिणारी. आम्हांस त्या दिवसांतील सुकडीची गोडी तेवढी आठवते. लाल मिलोची भाकरी घशाखालीं उतरत नसे तेंहि आठवतें. आईला जें आठवत होतें तें आम्हांस ठाऊक नव्हतें.

कामावर पाण्याचीं पिंपें ठेवलेलीं असत. सगळा माळ करपून गेलेला. हिरवें म्हणून जें कांहीं होतें तें त्या पिंपांच्या गळतीखालीं. तेथें चार-पांच कांटेमाठ उगवले होते. ते वाढावेत म्हणून आई रोज आपल्या वांट्याच्या पाण्यांतील ओंजळभर त्यांवर टाकी. एका दुपारीं ती पाहते तों शेजारच्या वाडींतली एक बाई ते खुडून पदरांत घेत होती. तिच्याहि कडेवर मूल होतें.

“मी तिच्या पदरातनं हिसकून घेतली,” आई म्हणाली. “ती सोडंना. मी वढली. कांट्यानं तिच्या हातातनं रगात आलं, तरी मी वढली. ती काय बोलली न्हाई, नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली न्हाई. मग कवाच आली न्हाई. कुठं गेली, काय झालं, कुनी सांगितलं न्हाई. मी बी इचारलं न्हाई.”

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग ती म्हणाली, “त्या राती तूच खाल्लीस ती भाजी. आनखी मागत हुतास.”

आम्ही पिशवी खुंटीला टांगली. लाजेविषयींचा आमचा तर्क अगदींच चुकला होता असें नाहीं, लाज होतीच. पण ती गरिबीची नव्हती, आणि अमेरिका, मेक्सिको, राजगिरा यांचा दाखला देऊन जाण्याजोगीहि नव्हती. ज्या झाडाच्या मूळ देशाची आम्ही विचारपूस करीत होतों, तें खुडणारा दुसरा हात कोणाचा आहे, हें आम्हीं एकदांहि विचारलें नव्हतें. आमच्या पिशवीला कांटेमाठ ही गंमत होती. टाकीजवळच्या बायकांना तो रात्रींचा कालवणाचा प्रश्न होता. बाजूस सरणें हा आदर नव्हता. महोत्सवांतील बाईचें विसरलेलें उत्तरहि त्या क्षणीं आम्हांस आठवलें.

त्यानंतर आम्हीं तेथें खुडणें सोडलें. आई मात्र संध्याकाळीं काठी टेकीत त्या निवाऱ्यांकडे जाऊन बसूं लागली. तेथें काय बोलणें होई तें आम्हीं विचारलें नाहीं. एवढें कळलें कीं, त्या बायका कांटेमाठ शिजवितांना त्यांत मूठभर तुरीची डाळ आणि लसूण घालतात, आणि आईच्या मतें हरभऱ्याची डाळ अधिक चांगली.

भाद्रपदांत ऋषिपंचमी आली. या दिवशीं सप्तर्षि आणि अरुंधती यांची पूजा करून बायका बैलाच्या श्रमाचें अन्न वर्ज्य करतात. नांगराशिवाय, मनुष्याच्या हातानें किंवा आपोआप जें उगवलें असेल त्याची भाजी करतात. भोपळा आणि मक्याचें कणीस यांसारखे अमेरिकेंतील पाहुणे त्या ऋषींच्या भाजींत केव्हांच मानानें जाऊन बसले आहेत. सकाळीं मंडईंतून आम्हीं अळू, सुरण, पडवळ, भोपळा, कणसें आणि बागेंतला माठ आणून ठेवला होता. तेवढ्यांत मागच्या दारीं हांक आली. टाकीजवळ काम करणारी एक तरुण बाई उभी होती. तिच्या हातांत कांटेमाठाच्या कोंवळ्या शेंड्यांची एक जुडी होती. कांटे काढलेली, धुतलेली.

“आजी, सणाला घ्या,” ती म्हणाली.

आई उठली. तिनें ती जुडी दोन्ही हातांनीं घेतली, आणि पदरांत धरून बराच वेळ तशीच उभी राहिली. मग तिनें त्या बाईला बसवून घेतलें, आणि भाजी होईपर्यंत जाऊं दिलें नाहीं.

त्या दिवशीं आमच्या घरांत कांटेमाठ शिजला. पहिलें पाणी काढून टाकलें, शेंडे तेवढेच घेतले, आणि बाकीच्या भाज्यांबरोबर तो इतका मिळून गेला कीं वेगळा काढून दाखवितां आला नसता. पहिली वाटी निवाऱ्याकडे गेली. घरचीं पानें वाढून झाल्यावर सर्वांत शेवटीं आईनें स्वतःच्या पानांत घेतली. मीठ थोडें अधिक पडलें होतें. तें कोणी बोलून दाखविलें नाहीं. आम्हीं आणखी मागितली.